प्रवासवर्णन कसे लिहावे : कीर्दीपासून खतावणीपर्यंत

दिवाळी अंकासाठी आलेली प्रवासवर्णने निवडण्याचे काम मी काही वर्षे केले. परत पाठवाव्या लागलेल्या लेखांपैकी फार थोड्यांची भाषा वाईट होती. बहुतेकांचा दोष एकच होता, आणि तो लेखक लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी, प्रवासातच घडून गेलेला होता. जुन्या पेढीवर हिशेबाच्या दोन वह्या असत. व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने ते कीर्दीत उतरत, आणि मग तिथून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत मांडले जात. पेढीची खरी स्थिती कळायची ती खतावणीवरून. आपले प्रवासवर्णनकार मात्र वाचकाच्या हाती कीर्दच ठेवतात: पहाटे किती वाजता निघालो, चहा कुठे घेतला, किती वाजता पोहोचलो, जेवणात काय होते, परत किती वाजता आलो. काही जणांजवळ तर कीर्दही नसते. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आठवेल तसे लिहिलेले असते, आणि आठवण जिथे संपते तिथे ‘नयनरम्य’ हा शब्द सुरू होतो.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. उदाहरणासाठी सर्वत्र एकच प्रवास घेतला आहे: ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील घाटघरला जाणे. हा प्रवास एका दिवसात पायी होतो. त्यात कोकण, घाट आणि देश तिन्ही येतात, शिलालेख आहे, दंतकथा आहे आणि आजचे गावही आहे. ज्यांना हंपी, काशी किंवा युरोप लिहायचा आहे त्यांनी नावे बदलावीत, क्रम बदलू नये.

टप्पा १ : निघण्यापूर्वी एक प्रश्न ठरवणे

‘नाणेघाट पाहायला जातो आहे’ हा बेत झाला, विषय झाला नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहावा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तर घरी बसून मिळू नये. ‘नाणेघाटाचा इतिहास काय’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आहे, त्यासाठी गुडघे झिजवण्याची गरज नाही. ‘जो घाट एके काळी कोकणातील बंदरे आणि जुन्नरची बाजारपेठ यांना जोडत होता, त्या घाटातून आज कोण आणि काय घेऊन चालते?’ हा प्रश्न चालल्याशिवाय सुटत नाही. डोंगरावर हिरडा गोळा करणारे आहेत, गुरे आहेत, शनिवार-रविवारचे पर्यटक आहेत. यांतील कोण कोणत्या वाटेने जातो हे तिथे उभे राहूनच कळेल.

प्रवासात हा प्रश्न बदलला तरी हरकत नाही. पुष्कळदा तो बदलतोच, आणि बदलला तर कुठे आणि कशामुळे बदलला याची नोंद करावी, कारण लेखाचा मध्यभाग अनेकदा तिथेच सापडतो.

तपासणी: प्रश्न वाचून घरातील कोणी ‘मग काय कळले?’ असे परत आल्यावर विचारील काय? विचारणार नसेल, तर प्रश्न बदलावा.

टप्पा २ : वाचन आणि नकाशा

वाचन दोन बैठकींत संपवावे. अधिक वाचले की डोळे आंधळे होतात. माणूस वाचलेले तेवढेच शोधत फिरतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून, सुरुवात करणे सर्वांत सोयीचे. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ चे आणि पुण्याचे १८८५ चे आहे. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटियरे संगणकावर वाचण्यासाठी उपलब्ध करून दिलेली आहेत. त्यातील भाषा राज्यकर्त्यांची आहे आणि काही मते आज टिकणारी नाहीत, हे लक्षात ठेवून ती वाचावीत. परंतु वाटा, बाजार, पिके आणि घाटांतील वाहतूक यांविषयीची नोंद इतकी बारीक अन्यत्र क्वचितच मिळते.

दुसरे साधन नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० मापाचे नकाशे आता संगणकावरून उतरवून घेता येतात. या मापात कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा आहे. नकाशावर आपली वाट पेन्सिलीने आखून घेतली की चढ कुठे सुरू होणार, पाणी कुठे ओलांडावे लागणार आणि गाव किती दूर राहणार हे आधीच कळते, आणि मग वाटेत लिहिण्यासाठी कुठे थांबता येईल हेही ठरवता येते. मोबाइलमधील नकाशा वाट शोधण्यासाठी ठीक आहे. तो डोंगराचा आकार समजावून देत नाही.

वाचलेल्यापैकी फक्त दहा ओळी वहीत घ्याव्यात. नाणेघाटासाठी माझ्या दहा ओळींत या दोन होत्या: लेण्याच्या बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला सातवाहनांचा लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत, मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्या आता नाहीशा झाल्या असून त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे उरली आहेत.

टप्पा ३ : साहित्य

खिशात मावणारी, शिवलेल्या पानांची वही घ्यावी. तारेची वही पिशवीत अडकते. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल घ्यावी, कारण घाम आणि पाऊस यांत शाई टिकत नाही. उजव्या पानावर प्रवासात लिहावे आणि डावे पान कोरे ठेवावे. ते का, हे टप्पा ६ मध्ये येईल. घरून निघताना स्वतःची वीत आणि स्वतःचे पाऊल किती सेंटिमीटरचे आहे हे मोजून वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावे. हा सल्ला वाचून लोक हसतात आणि नंतर ‘प्रचंड मोठा रांजण’ असे लिहून मोकळे होतात.

टप्पा ४ : वाटेवरची कीर्द

हा टप्पा बिघडला तर पुढील कोणत्याही टप्प्यावर तो दुरुस्त होत नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

नोंद चालताना करू नये. एक तर पाय घसरतो, आणि दुसरे म्हणजे अशा नोंदी धावत्या पाट्यांसारख्या होतात. अर्ध्या-पाऊण तासाने थांबावे, पाणी प्यावे, आणि पाच मिनिटांत मागील टप्प्याच्या पाच-सहा ओळी लिहाव्यात. प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी. वेळ लेखात बहुधा येणार नाही. परंतु दोन नोंदींमधील अंतर, सावलीची दिशा आणि दमणूक यांचा मेळ नंतर वेळेवरूनच बसतो.

नोंदी कशा असाव्यात याचा एक नमुना:

‘७.४० वैशाखरे मागे पडले. ओढा कोरडा, दगडांवर पाण्याची पांढरी रेघ, गुडघ्याच्या वर. ८.२५ सागाची पाने पायाखाली. आवाज पापड मोडल्यासारखा, त्यामुळे पुढचा माणूस दिसत नसला तरी ऐकू येतो. ९.५० दगडी पायऱ्या. एक पायरी दीड वीत, पुढची तीन. मधोमध गुळगुळीत, कडेला खडबडीत. १०.३५ लेणे. एकदम गार. अक्षर केवढे? परत बाहेर पडताना पाहणे.’

या नोंदीत एकही विशेषण कौतुकाचे नाही, हे मुद्दाम पाहावे. ‘मधोमध गुळगुळीत, कडेला खडबडीत’ एवढे लिहिले की पायऱ्यांवरून किती पावले गेली हे वाचकाला आपोआप कळते. ‘या पायऱ्यांनी किती पिढ्या पाहिल्या असतील!’ असे लिहिले की काहीच कळत नाही. नोंद करताना स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात: आकार किती, कशासारखे, आवाज कोणता, आणि अपेक्षेपेक्षा वेगळे काय. त्यांतील चौथी सर्वांत मोलाची. लेणे पाहण्यापूर्वी मनात जे चित्र होते आणि प्रत्यक्षात जे दिसले, त्यांतील तफावत तिथल्या तिथे लिहिली नाही, तर घरी पोहोचेपर्यंत पहिले चित्र पुसले जाते आणि आपल्याला सगळे आधीपासूनच ठाऊक होते असे वाटू लागते.

प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर घालण्याची सवय लावावी: पाहिलेल्याला ‘पा’, कोणी सांगितलेल्याला ‘ऐ’, वाचलेल्याला ‘वा’ आणि अंदाजाला ‘अं’. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. ‘रांजण आहे, दगडी आहे, माझ्या इतक्या वितींचा आहे’ हे ‘पा’. ‘यात जकातीची नाणी टाकत’ हे ‘ऐ’. जकातीची गोष्ट वाचूनही आलेले असलात, तरी वाटाड्याच्या तोंडून ऐकली तर ‘ऐ’ आणि ‘वा’ दोन्ही लिहावे. पडताळणीच्या वेळी हीच अक्षरे कामाला येतात.

नावे विचारून घ्यावीत. ‘एक झाड’, ‘एक पक्षी’, ‘समोरचा डोंगर’ अशा नोंदी घरी आल्यावर मेलेल्या असतात. कारवी, हिरडा, ऐन, साग यांची नावे गावातील कोणीही सांगते. समोरचा अंगठ्याच्या आकाराचा सुळका म्हणजे नानाचा अंगठा, आणि जीवधन किल्ल्याच्या बाजूला एकटा उभा असलेला सुळका म्हणजे वानरलिंगी. गावकरी वेगळे नाव सांगत असतील तर तेही लिहावे, आणि त्याच उच्चाराने लिहावे.

सावधान: छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. छायाचित्रात गारवा येत नाही, वास येत नाही, आणि ते काढणाऱ्याची पाठ जिकडे होती तिकडचे काहीच येत नाही. माझ्या पाहण्यात असे आले आहे की दोनशे छायाचित्रे काढणाऱ्याच्या लेखात तपशील सर्वांत कमी असतात. तरीही पाट्या, वेळापत्रके आणि लेण्यातील भिंतींची मांडणी यांची छायाचित्रे जरूर घ्यावीत. मूळ फाइल मोबाइलमध्ये जपावी, कारण व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रतीतून काढल्याची वेळ आणि ठिकाण निघून जाते.

सावधान: अक्षरे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून शिलालेखाला खडू, पीठ किंवा पाणी लावू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या प्रकाशात ती आपोआप दिसतात, आणि तोपर्यंत थांबण्याची तयारी नसलेल्याने दुसरा विषय घ्यावा.

टप्पा ५ : माणसांशी बोलणे

येथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे वाटाड्या, चहावाला आणि गाडीचा चालक यांच्यापलीकडे कोणाशी न बोलणे. हे तिघेही पर्यटकाला काय हवे असते ते जाणून तेच सांगतात. घाटघरात पोहोचल्यावर पायरीवर टेकावे, पाणी मागावे आणि आपला प्रश्न लगेच पुढे करू नये. ‘आजी, हा घाट फार जुना आहे ना?’ असे विचारले की ‘व्हय’ एवढेच उत्तर मिळते, कारण प्रश्नातच उत्तर भरलेले असते. ‘आजी, तुम्ही शेवटच्या वेळी घाट कधी उतरलात? कशाला?’ असे विचारले तर बाजार, माहेर, दवाखाना, लग्न असे काहीतरी निघते, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच्या पोटात असते. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून, वाळवून विकणे हा तेथील उन्हाळ्यातील महत्त्वाचा रोजगार आहे. हिरडा कोण उचलतो, कोठे विकतो आणि पूर्वी तो कोणत्या वाटेने जाई, एवढे विचारले तरी घाटाचे आजचे खाते निम्मे भरते.

दुसरी चूक बोलीची. शहरातून आलेले लेखक खेड्यातील प्रत्येक माणसाला एकच नाटकी ग्रामीण बोली बोलायला लावतात. वैशाखऱ्यातील माणूस आणि घाटघरातील माणूस त्यांच्या लेखात सारखेच बोलतात, आणि दोघेही त्यांच्या गावी कोणी बोलत नाही असे बोलतात. ज्या वाक्याचे शब्द नेमके आठवतात, तेवढेच अवतरणात द्यावे. बाकीचे आपल्या भाषेत, ‘तिने सांगितले की’ असे लिहावे. बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आधी विचारावे आणि मोबाइल समोर, दिसेल असा ठेवावा. लेखात खाजगी माणसाचे नाव घालण्याची गरज क्वचितच असते; ‘हिरडा वाळत घालणाऱ्या मावशी’ एवढी ओळख वाचकाला पुरते, आणि त्या मावशींना नंतर कोणी शोधत येत नाही.

टप्पा ६ : त्याच रात्रीची पक्की कीर्द

झोपण्यापूर्वी वही उघडावी आणि कोऱ्या ठेवलेल्या डाव्या पानांवर उजव्या पानांचा विस्तार करावा. दिवसा ‘एकदम गार’ एवढेच लिहिलेले असते; रात्री त्याच्यासमोर लिहावे की घामाने भिजलेली पाठ भिंतीपासून दोन हातांवर असूनही थंड वाटली, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत भिंत नुसती काळी दिसली, आणि त्यानंतर अक्षरे एकेक करून वर आली. यास पाऊण तास लागतो. सोबती गप्पा मारत असतात आणि आपण लिहीत असतो, हे थोडे अवघड जाते खरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा तपशील गेलेला असतो, आणि आठवड्याने जे उरते ते सर्वांनाच आठवते, म्हणजे लिहिण्याच्या उपयोगाचे नसते.

खर्चाचा हिशेबही इथेच लिहावा: एस.टी.चे तिकीट, जेवण, वाटाड्याचे पैसे.

टप्पा ७ : खतावणी

घरी आल्यावर लगेच लेख लिहायला घेऊ नये. आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. त्यानंतर सबंध वही एकदा वाचावी, आणि मोठ्या कागदावर खाती उघडावीत. दिवस आणि वेळ विसरून प्रत्येक नोंद तिच्या खात्यावर न्यावी. नाणेघाटाच्या वहीतून बहुधा अशी खाती निघतील: वाट आणि पायऱ्या, पाणी, आकडे आणि हिशेब, घाटाने आज येणारी-जाणारी माणसे, वर आणि खाली यांतील फरक. ‘जेवण’ किंवा ‘गाडीतील गमती’ हेही खाते निघेल. ते उघडावे, भरावे आणि बंद करून बाजूला ठेवावे.

आता पाहावे की कोणते खाते न ठरवता फुगले आहे. ठरवलेला प्रश्न एक असतो आणि वही भरलेली असते ती दुसऱ्याच गोष्टीने, असे अनेकदा घडते. तसे झाले तर वहीचे ऐकावे. समजा, ‘आकडे आणि हिशेब’ हे खाते सर्वांत मोठे झाले: शिलालेखातील दक्षिणेचे आकडे, रांजण आणि जकात, हिरड्याचा भाव, वाटाड्याची मजुरी, तिकिटांची वाटणी. दोन हजार वर्षांच्या अंतरावरचे हे हिशेब एका खात्यावर शेजारी येऊन बसले की लेखाला कणा मिळतो. कीर्दीत ते सहा तासांच्या अंतराने आणि बारा पानांच्या फरकाने विखुरलेले होते, आणि लेखकाने कीर्दच छापली असती तर वाचकाला त्यांचा संबंध कधीच लागला नसता.

एका लेखात दोन, फार तर तीन खाती घ्यावीत. उरलेली वहीत राहू द्यावीत. नव्या लेखकांना येथे फार दुःख होते. एवढे चाललो, एवढे पाहिले, मग ते टाकायचे का? टाकायचे. वाचक तुमच्याबरोबर चालायला आलेला नाही. त्याच्यापुढे काय ठेवायचे हे निवडण्यासाठी तुम्ही चाललात.

तपासणी: निवडलेली खाती एका वाक्यात सांगता येतात काय? ‘नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचे हिशेब भिंतीवर आहेत आणि आजचे हिशेब अंगणात वाळत आहेत’ हे वाक्य लेखात येणार नाही, पण ते लेखकाजवळ असले पाहिजे. असे वाक्य बनत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ८ : सुरुवात आणि क्रम

‘बऱ्याच दिवसांपासून मनात होते’, ‘अखेर तो दिवस उजाडला’, ‘पहाटे गजर वाजला’, ‘गणपती बाप्पा मोरया म्हणत गाडीने वेग घेतला’: यांपैकी कोणत्याही वाक्याने सुरू होणारा लेख संपादक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचत नाहीत. मीही वाचत नसे. सुरुवात सर्वांत भरलेल्या खात्यातील अशा क्षणापासून करावी जिथे लेखक एका जागी उभा आहे आणि काहीतरी पाहतो आहे. उदाहरणार्थ:

‘लेण्यात शिरलो तेव्हा घामाने पापण्या चिकटत होत्या, त्यामुळे भिंत आधी नुसतीच काळी दिसली. पाच मिनिटांनी अक्षरे दिसू लागली. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा हा हिशेब: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकापुढे आकडा. बाहेर उन्हात सोबत्यांनी एस.टी.च्या तिकिटांचे पैसे वाटून घ्यायला सुरुवात केली होती.’

येथून मागे वैशाखऱ्याकडे आणि पुढे घाटघराकडे, दोन्हीकडे जाता येते. मागे जाताना सगळी वाट परत चालू नये. पायऱ्यांपुरते जावे आणि परत यावे. कालक्रम पूर्णपणे मोडण्याचीही गरज नाही. वाचकाला सकाळ, दुपार, संध्याकाळ कळत राहावी, परंतु प्रत्येक परिच्छेद ‘त्यानंतर’ या शब्दाने मागच्याला बांधलेला नसावा. ‘त्यानंतर’, ‘मग’ आणि ‘नंतर आम्ही’ हे तिन्ही शब्द मोजून काढावेत. प्रत्येक ठिकाणी ती खतावणी सोडून कीर्दीत घसरल्याची खूण आहे.

माहिती एका ठिकाणी ओतू नये. ‘नाणेघाट हा सातवाहनकालीन प्राचीन घाट असून’ असा एक परिच्छेद जवळजवळ प्रत्येक लेखात असतो आणि तो कुठूनही उचलून कुठेही ठेवता येतो. शिलालेखाची माहिती शिलालेखासमोर द्यावी, रांजणाची रांजणापाशी, आणि तीही डोळ्यांपुढचे समजण्यासाठी लागते तेवढीच.

टप्पा ९ : पहिला खर्डा

खर्डा एका बैठकीत, वही मिटून लिहावा. अडले तर जागा सोडून पुढे जावे. भाषेच्या तीन गोष्टींकडे मात्र लिहितानाच लक्ष असावे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मराठीने दिलेला आहे, त्याची नासाडी करू नये. ‘आम्ही पायऱ्या चढलो’ यात वाचक बाहेर आहे. ‘येथून आपण उजवीकडे वळतो’ यात तो बरोबर आहे, पण आता तो वाटाड्याचे ऐकतो आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही आली की वर्णन आणि माहितीपत्रक यांची खिचडी होते. ‘मी’ लिहायला संकोच वाटतो म्हणून ‘आम्ही’ लिहिणारेही पुष्कळ आहेत; पाहिले एकट्याने असेल तर ‘मी’ लिहावे.

दुसरी गोष्ट काळाची. भूतकाळात चाललेली हकिकत भावनेच्या भरात वर्तमानात उडी मारते: ‘लेण्यापाशी आलो आणि पाहतो तो काय, समोर दिसते’ असे एकदा शोभते, तिसऱ्यांदा ती लकब होते.

तिसरी गोष्ट ठरीव शब्दांची. ‘निसर्गाची मुक्त उधळण’, ‘हिरवा शालू’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’, ‘अविस्मरणीय’, ‘शब्दांत वर्णन करणे अशक्य’ हे शब्द खर्ड्यात आले तर थांबू नये, फक्त अधोरेखित करावेत. दुसऱ्या वाचनात त्या प्रत्येक जागी वहीतील ‘पा’ची नोंद शोधावी. नोंद सापडली तर ती ठेवावी. न सापडली तर वाक्यच काढावे, कारण तिथे काही पाहिलेलेच नव्हते.

टप्पा १० : पडताळणी

खर्ड्यातील प्रत्येक विधानाला पुन्हा ‘पा’, ‘ऐ’, ‘वा’, ‘अं’ यांपैकी एक अक्षर लावावे. ‘पा’ तसेच राहते. ‘ऐ’ असलेल्या वाक्यात सांगणारा दिसला पाहिजे: ‘या रांजणात जकात गोळा करत, असे गावात सांगतात.’ ‘वा’ असलेले विधान किमान दोन ठिकाणी पाहावे, आणि ती दोन ठिकाणे एकमेकांवरून उतरवलेली नसावीत. नाणेघाटाच्या लेखाचा काळ काही अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात धरतात, तर काही पहिल्या शतकात. अशा वेळी एक आकडा ठामपणे ठोकून देण्यापेक्षा मतभेद आहे एवढे अर्ध्या वाक्यात सांगावे. लेख भग्न आहे आणि तो नागनिका राणीचा असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणून ‘नागनिकेने लिहिले आहे’ यापेक्षा ‘नागनिकेचा मानला जाणारा लेख’ हे बरोबर. ‘अं’ असलेली वाक्ये बहुतेक काढावीत.

सर्वांत लाजिरवाणी चूक ऋतूची. नानाच्या अंगठ्यालगत पावसाळ्यात पाणी कड्यावरून खाली पडण्याऐवजी वर उडताना दिसते. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि धार परत माथ्यावर फेकतो. हे दृश्य इतके प्रसिद्ध आहे की मार्चमध्ये जाऊन आलेलेही त्याचे वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखे करतात. मी एका लेखात एकाच परिच्छेदात कोरडा ओढा आणि उलटा धबधबा असे दोन्ही वाचले आहेत.

टप्पा ११ : कापणे

खर्डा आठवडाभर ठेवून मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य मोडावे. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे परिच्छेद काढावा. पहिला आणि शेवटचा परिच्छेद तात्पुरता झाकून लेख वाचून पाहावा. दहांपैकी सात लेख त्यांच्याविना अधिक चांगले वाटतात, हा माझा अनुभव आहे. ‘थकलेले शरीर पण ताजेतवाने मन घेऊन’ किंवा ‘पुन्हा येण्याचा निश्चय करून’ परतीला लागणारे सगळे लेख तेथेच तोडावेत. घाटघरला एस.टी. आली आणि त्यात हिरड्याची पोती चढवली जात होती, एवढ्यावर लेख थांबला तरी चालतो.

टप्पा १२ : पाठवणे

शब्दमर्यादा आधी विचारावी आणि ती पाळावी. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉण्टमधील फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे तुटतात आणि शिलालेखाहून कठीण होतात. छायाचित्रे मजकुरात चिकटवू नयेत, स्वतंत्र आणि मूळ आकारात द्यावीत, व प्रत्येकाखालील ओळ स्वतः लिहावी. ‘नाणेघाटातील एक दृश्य’ ही ओळ नव्हे. ‘घाटमाथ्यावरील दगडी रांजण, पश्चिमेकडून’ ही ओळ आहे. ज्याचा चेहरा स्पष्ट दिसतो त्याची परवानगी घेतलेली असावी.

मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने, आली की सगळा लेख प्रेमाने पुन्हा वाचत बसू नये. आधी फक्त विशेषनामे, आकडे आणि एकवचन-अनेकवचन पाहावे. ‘नाणेघाट’चा ‘नानेघाट’, ‘वैशाखरे’चे ‘वैशाखे’ आणि ‘लेणे’चे ‘लेणी’ हमखास होते, आणि घाटात जिथे एकच लेणे पाहिले तिथे छापील पानावर अनेक निघतात.